पट्टा लावलेलं खापर

बोलणाऱ्या गाडीत बसण्यापेक्षा मुक्या गाढवावर बसावं. गाढव निदान पाठीवर कोण बसलंय याची चौकशी करत नाही.

माझी आधीची गाडी मुकी होती. पोरगा शाळेत होता तेव्हा घेतलेली, त्याला टक्कल पडायला लागलं तरी चालत होती. तिला सेन्सर एकच. तो शेजारच्या सीटवर बसायचा आणि त्याच्याशी माझं रीतसर लग्न झालेलं होतं. पण गाडीवर सरकारची नजर गेली. घेतली तेव्हा मी रस्त्याचा कर भरला होता. मग त्याच रस्त्यावरून जाण्याचा टोल भरत आलो. आता म्हणे गाडी म्हातारी झाली, तर तिच्या म्हातारपणाचा वेगळा कर भरा. माणूस म्हातारा झाला की एसटी त्याला सवलतीत नेते, आणि गाडी म्हातारी झाली की तिला दंड. हा न्याय ज्याने काढला त्याचे आईबाप कुठल्या आश्रमात आहेत ते एकदा बघून यायला पाहिजे.

शेवटी नवी घेतली. नव्या गाडीवर कायकाय कर बसतात ते शोरूमच्या माणसाने मला समजावून सांगितलं. सांगता सांगता त्याचाच घसा कोरडा पडला. सगळं ऐकून माझ्या ध्यानात आलं की मी सरकारला एक गाडी घेऊन देतोय आणि सरकार कृपा करून ती मला धुवायला देतंय.

ही नवी गाडी बोलते. दार नीट लागलं नाही तर बोलते, मागे भिंत आली तर किंचाळते, मी जांभई दिली तर कॉफी प्यायला थांबा म्हणते. एरंडोल-पारोळ्याच्या मध्ये वैशाखात कॉफी. डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं असलं ऊन, आणि हिला कॉफी सुचते. पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं तर स्वतःच स्टिअरिंग ओढून घेते. आमच्या रस्त्यावर पांढरा पट्टा कुठून कुठे जातो हे तो मारणाऱ्यालाही माहीत नसतं, पण हिचा त्याच्यावर पितरांवर असावा तसा विश्वास. नकाशातल्या बाईबद्दल तर मी बोलतच नाही. एकदा भुसावळला जाताना तिने मला जवळचा रस्ता म्हणून थेट एकाच्या केळीच्या बागेत नेऊन सोडलं. त्या शेतकऱ्याने तिथे टेबल टाकून चहा ठेवला होता. मला म्हणाला, भाऊ, केळीपेक्षा चुकलेल्या गाड्यांचं उत्पन्न बरं आहे, पाणीसुद्धा द्यावं लागत नाही.

तर अशा गाडीतून मला गेल्या आखाजीला अक्काचं खापर जळगावहून गावी न्यायचं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सत्तरी ओलांडली, पण आवाज असा की गल्लीतले कुत्रे तिला विचारून भुंकतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशातला लेकीबाळींनी माहेरी यायचा सण. पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवायचे, दुपारी चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून पितरांना जेवू घालायचं. त्याला आगारी म्हणतात. आगारीला आमच्या घरी पुरणाचे मांडे लागतात, आणि मांड्यांना खापर लागतं. खापर म्हणजे मातीचं, पोट सुटलेलं, थोराड भांडं. ते चुलीवर उपडं ठेवायचं आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर मांडा भाजायचा. अक्का पुरण भरलेला गोळा थोडासा लाटते आणि मग दोन्ही हातांवर कोपरांपर्यंत झुलवत झुलवत असा वाढवते की त्याच्या आरपार वर्तमानपत्र वाचता यावं. मी वाचलेलं आहे. त्यातही नव्या कराचीच बातमी होती.

हे खापर आमच्या आईचं. आईने जाताना ते अक्काला दिलं. सोनं दोन्ही सुनांना आणि खापर लेकीला, यावरून कोणाला जास्त मिळालं हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. तेव्हापासून दर आखाजीला अक्का आधी सासरहून एसटीने आणि नंतर जळगावहून, खापर मांडीवर घेऊन माहेरी यायची. जळगावला ती मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. तिथे विजेची शेगडी आहे. तिच्यावर मातीचं काही ठेवलं की ती शेगडी आजारी मांजरासारखा आवाज काढून बंद पडते. म्हणून खापर वर्षभर गॅलरीत उपडं पडून असायचं आणि कबुतरं त्याच्यावर बसून संसार करायची.

गेल्या वर्षी मात्र घोटाळा झाला. गावी माझा धाकटा भाऊ शेती करतो. त्याचा मुलगा, माझा पुतण्या, पुण्याला कंपनीत. या पुतण्याने आमच्या भाऊबंदकीचा मोबाइलवर ग्रुप काढलाय. त्या ग्रुपवर सकाळी फुलं येतात, दुपारी औषधं येतात आणि संध्याकाळी एकमेकांचे पाणउतारे येतात. आखाजीच्या आधी त्याने तिथे मतदान ठेवलं. मांडे घरी करायचे की धुळ्याहून पार्सल मागवायचे? उन्हात चुलीपुढे कोण बसणार, काकू थकल्या, आत्याचं वय झालं, वगैरे वगैरे. सगळ्यांनी पार्सलवर बोट ठेवलं. ज्यांना जन्मात कधी चुलीजवळ बसायला लागलं नाही त्या पुरुषांनी तर सर्वांत आधी.

अक्काकडे साधा फोन आहे, बटणांचा. तिला हे मी सांगितलं. वाटलं, चिडेल. ती चिडली नाही, हे जास्त वाईट होतं. गॅलरीत जाऊन तिने कबुतरं हाकलली, पदराने खापर पुसलं आणि शांतपणे म्हणाली,

"खापर शे तवलग मी माहेरनी. खापर नही, ते मंग मी पाव्हनी. पाव्हनीले कोन पुसस?"

मग तिने गावी फोन लावून भावजयीला बजावलं की मी आखाजीला येतेय, चूल सारवून ठेव, पार्सलवाल्याला नाही म्हण. भावजय म्हणाली, अक्का, त्याला तर होकार कळवून झाला. अक्का म्हणाली, मग दोन्ही येऊ द्या. पितर ठरवतील.

एवढं सगळं त्या खापरावर आलं होतं. ते अक्काच्या हाताखाली दुपारच्या आत चुलीवर चढलं पाहिजे. वाटेत त्याला काही झालं, की धुळ्याचं पार्सल जिंकलं आणि अक्का जन्माची पाव्हणी.

खरं तर आदल्या दिवशीच निघायचं होतं. पण आदल्या दिवशी गाडी शोरूममध्ये होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणे तिला अपडेट आलंय. आमच्या वेळी गाडीला ऑइल लागायचं, पाणी लागायचं, फार तर धक्का लागायचा. आता तिला घरी बसून शिकावं लागतं. दिवसभर तिने शिकून घेतलं आणि संध्याकाळी परत आली ती पहिल्यापेक्षा जास्त बडबडी होऊन. माझी बायको शहाणी. ती दोन दिवस आधीच अर्ध्या तिकिटात एसटीने गावी पोचली होती आणि फोनवरून मला विचारत होती, विद्वान, निघालात का?

आखाजीच्या पहाटे आम्ही निघालो. अक्काने पुरणाचा डबा, वस्त्रगाळ पिठाची पिशवी आणि दोन गोधड्यांत गुंडाळलेलं खापर आणलं. खापर कुठे ठेवायचं? डिकीत ठेवू म्हटलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आईला डिकीत टाकायचं म्हणालो. मागच्या सीटवर म्हटलं, तर म्हणाली, मागे जास्त आदळतं. जन्मभर एसटीत बसल्यामुळे तिला मागच्या बाकावरच्या माणसाचा मणका कसा बसतो ते ठाऊक आहे. तेव्हा खापर पुढच्या सीटवर बसलं आणि अक्का मागे.

मी गाडी सुरू केली आणि गाडी टिंग टिंग करायला लागली. शेजारच्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही.

मी तिला सांगून पाहिलं की हा प्रवासी नाही. माणूस यंत्राशी बोलायला लागला की त्याचं काय होणार हे मला माहीत आहे, पण त्या वेळी दुसरा इलाज नव्हता. पाळधीच्या पुढे गेलो तरी टिंग टिंग. अक्का म्हणाली, काय मागते ती? पट्टा मागते म्हटलं. मग दे तिला, अक्का म्हणाली. गाडी कडेला घेऊन मी खापराला पट्टा लावला. पोटावरून आडवा, खांद्यावरून तिरका. गोधडीतून वर निघालेलं काळंभोर गुळगुळीत डोकं, खाली सुटलेलं पोट आणि त्यावर पट्टा. एखादे निवृत्त तहसीलदार लग्नाला निघाल्यासारखं ते दिसायला लागलं. मी त्याला आबा म्हणायला लागलो.

माझा स्वतःचा पट्टा मी नेहमीप्रमाणे पाठीमागून नेऊन अडकवला होता. म्हणजे गाडीला वाटतं लावला, आणि मला वाटतं नाही लावला. दोघंही खूश. पट्टा भित्र्या माणसांसाठी असतो आणि मी या रस्त्याने, अतिशयोक्ती सोडून सांगतो, पायाने स्टिअरिंग धरून आणि दोन्ही हातांनी शेंगा सोलत गेलेलो आहे.

त्या रस्त्यावर आता कोण कसं चालवतं ते विचारू नका. मोटारसायकलवाला उजव्या बाजूने समोरून येतो आणि वर आपल्यालाच लाइट मारतो, की बाबा, तू चुकतोयस. ट्रॅक्टरला मागे दिवा नसतो, पण गाणं मात्र इतक्या जोरात असतं की आंधळ्यालाही कळावं पुढे ट्रॅक्टर आहे. काचांना काळी फिल्म लावलेली पांढरी गाडी दिसली की सगळ्यांनी खड्ड्यात उतरायचं, कारण आत कोणी तरी कोणाचा तरी भाऊ असतो. गतिरोधकाचं तर गाव तिथे वेगळं शास्त्र. कुठे भाकरीएवढा, कुठे आडव्या म्हशीएवढा. प्रत्येक गतिरोधकाला मी गाडी अशी चढवून उतरवत होतो की आत अंड्यांची टोपली असती तर त्यातून पिल्लं निघाली असती. अक्का दर वेळी मागून हात लांबवून गोधडी चाचपायची.

टोलनाक्यावर आमची रांग थांबली. काचेवरचा टॅग यंत्राला वाचता येईना. यंत्र निरक्षर आणि टॅग माझा खराब. मागे घ्या, पुढे घ्या, जरा तिरपी घ्या. पार दवाखान्यात एक्स-रे काढतात तसं. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा बँड लावला. एवढ्यात तिथला माणूस हातातलं छोटं यंत्र घेऊन आला आणि खिडकीतून आत वाकला. आधी त्याने मला बघितलं, मग आबांना.

"हे कोण?" त्याने विचारलं.

"वडीलधारे आहेत," मी म्हणालो. "आखाजीला निघालेत."

त्याने आणखी वाकून बघितलं, मग मागे बसलेल्या अक्काकडे बघितलं. अक्काने त्याला सांगितलं की बाबा रे, पितर चुलीशी येऊन बसले असतील, तू यंत्र नंतर खेळ. पितर म्हटल्यावर तो झटकन मागे झाला. फाटक वर गेलं. टोल मात्र कापला गेला, आणि नंतर मोबाइलने सांगितलं की दोनदा कापला गेला. एकदा माझा आणि एकदा बहुतेक आबांचा.

धुळं ओलांडलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पुतण्याचा ग्रुपवर फोटो आला, पार्सल पोचलं म्हणून. पांढऱ्या खोक्यांची चळत आणि खाली चाळीस अंगठे. मी अक्काला सांगितलं नाही. पण मोबाइल गाडीला जोडलेला असल्यामुळे गाडीने तो निरोप स्वतःच मोठ्याने वाचून दाखवला. ही हिची अक्कल. घरातला चोंबडा माणूससुद्धा असलं काही सांगताना आधी आजूबाजूला बघतो.

अक्का एवढंच म्हणाली, "चालाव."

मी चालवली. सोनगीर मागे पडलं. नरडाण्याच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला पुढे चालला होता. मागे पोत्यात डांगरं. आखाजीच्या घागरींवर ठेवायची, पिवळी धमक. पोत्याचं तोंड सुटलं आणि एक डांगर टुणकन उडी मारून रस्त्यावर आलं, घरंगळत घरंगळत माझ्या समोर. मी त्याला अगदी सहज बाजूने टाळलं असतं. पण आदल्या दिवशीच शिकून आलेल्या माझ्या गाडीला वाटलं की कोणी तरी पोटुशी बाई रस्ता ओलांडतेय. तिने मला न विचारता करकचून ब्रेक मारला.

माझी छाती स्टिअरिंगवर. अक्काचा पुरणाचा डबा माझ्या सीटच्या पाठीवर. आणि शेजारून आवाज आला: टण्.

गाडी थांबली. पुढे डांगर थांबलं. मोटारसायकलवाला वळून आला, त्याने डांगर उचललं, झटकलं आणि जाता जाता मला म्हणाला, भाऊ, जरा बघून चालवत जा.

मी आबांकडे बघितलं. ते पट्ट्यात जागच्या जागी होते. फक्त पुढच्या बाजूला पट्ट्याचं लोखंडी टोक त्यांच्या कडेला टेकलेलं होतं. आवाज तिथूनच आला असणार. मी हात पुढे केला तशी अक्का म्हणाली, हात लावू नको. खापराला बोटाच्या पेरांनी वाजवलं की कळतं. चांगलं असेल तर घंटेसारखं बोलतं, तडा गेला असेल तर भद्द बोलतं. मी म्हणालो, अक्का, वाजवून बघ ना. तिने मान हलवली.

"आते नही. वाजाडसू ते पितरसना समोर."

तिथून गावापर्यंत गाडी कितीही बोलली असेल, मला ऐकू आली नाही.

आम्ही अंगणात उतरलो तेव्हा चूल सारवलेली होती, घागर मांडलेली होती आणि बाजूला पांढरी खोकी. पुतण्याने कौतुकाने एक खोकं उघडून दाखवलं. आतला मांडा चौकोनी घडी घातलेला, कडक, कडेला काटकोनात कोपरा काढलेला. मी कचेरीत जन्म काढला, त्यामुळे मला त्याच्यावर सही करावीशी वाटली. भाऊबंद जमले होते. सगळ्यांच्या तोंडावर ते मतदान होतं.

अक्काने गोधड्या सोडल्या. खापर पायरीवर ठेवलं. वडिलांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आणि उजव्या हाताच्या पेरांनी त्याच्या पाठीवर वाजवलं.

मी शेजारीच उभा होतो. माझ्या कानाला ते शाळेच्या घंटेसारखं वाजलं. इतकं स्वच्छ की लहान असतो तर दप्तर घेऊन निघालो असतो. पण अक्काने डोळे मिटले, पुन्हा एकदा वाजवलं, कान लावला आणि मान हलवली.

"बारीक तडा गया," ती भावजयीला म्हणाली. "मांडा व्हतीन, कित्येक साल व्हतीन. पन आते गाडीमा जाणार नही हाई. आते अठेच ऱ्हाई, तुना चुलापान. मीच येत जासू."

भावजयीने एकदा खापराकडे बघितलं, एकदा अक्काकडे. ती काही कमी नाही. तिने बोटाने हळूच एकदा वाजवून बघितलं, ऐकलं आणि गंभीर होऊन म्हणाली की हो, गेलाय खरा तडा, हलवायला नको. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. मग तिने स्वतःच्या हाताने खापर चुलीवर चढवलं.

त्या दिवशीचा एकही मांडा फाटला नाही. तडा गेलेल्या खापरावर काळी रेघ उमटते म्हणतात. मी प्रत्येक मांडा उजेडात धरून बघितला, मग खाऊन बघितला, पुन्हा नवा घेऊन बघितला. रेघ कुठेच सापडली नाही. शोधता शोधता मला दुपारी आडवं व्हावं लागलं. आगारीला अक्काचाच मांडा गेला. पार्सलची खोकी संध्याकाळी पत्ते खेळणाऱ्या मंडळींपुढे आली आणि त्यांनी जुगाराच्या नादात काय खातोय ते न बघता संपवली. यंत्राने केलेल्या वस्तूला गिऱ्हाईकही तसंच पाहिजे.

पुतण्याने या वर्षी मतदान ठेवलं नाही. खापर गावात आहे आणि ते चालवायला येणारी जळगावात आहे, म्हणजे तिला आणायला गाडी पाठवावी लागते, मान द्यावा लागतो, आधी फोन करून विचारावं लागतं. एवढं सगळं अक्काने एका तड्यात बसवलं, आणि तो तडा अजून कोणाला दिसलेला नाही.

माझं काय झालं म्हणाल तर पावसाळ्यात माझ्या मोबाइलवर दंडाची पावती आली. महामार्गावरच्या कॅमेऱ्याने फोटो काढला होता. गुन्हा: चालकाने पट्टा लावलेला नाही. फोटो इतका स्पष्ट की हा कॅमेरा माझ्या लग्नात असता तर बरं झालं असतं. मी स्टिअरिंगवर वाकलेला, केस पिंजारलेले, तोंड सताड उघडं, कोणाला तरी शिवी देताना, बहुधा त्या नकाशातल्या बाईला. आणि शेजारी आबा. पट्टा बरोबर जागी, कुठेही सैल नाही, चेहऱ्यावर नागरिकाची शांती. कराचा, टोलचा, दंडाचा, सगळ्या सरकारांचा मी त्या क्षणी मनापासून धिक्कार केला आणि सरकारची चूक दाखवून द्यायची म्हणून तो फोटो ग्रुपवर टाकला.

चाळीस अंगठे आले. सगळे आबांना.

अक्काला मी तो फोटो माझ्या मोबाइलवर दाखवला. तिने चष्मा लावून तो जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला, मग मोबाइल परत दिला.

"दोन्हीसमा शानं कोन शे," ती म्हणाली, "ते सगळासले दिसी ऱ्हायनं."